चोवीस गोळ्या

दिवाळी अंकात दातांविषयी लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून अजीर्णावर बोलण्यासारखे आहे, हे मला कळते. वाचकांच्या एका हातात हा अंक असेल आणि दुसरा हात फराळाच्या डब्याकडे वळला असेल. त्या हाताला मी मुळीच अडवणार नाही. माझाही हात तिकडेच वळतो. परंतु गेल्या वर्षी एका दाढेच्या निमित्ताने माझ्या मनात एक प्रश्न शिरला. दाढ बसली, पक्की झाली. प्रश्न मात्र अजून हलतो आहे. ज्या ज्ञानाच्या आधारावर आपण सुखाने खातो, जगतो, ते कोणाच्या तरी देहातून त्याला न विचारता काढून घेतलेले असेल, तर ते वापरणाऱ्याकडे काही देणे उरते की नाही?

माझी खालची उजवी दाढ बहात्तराव्या वर्षी गेली. आमच्या वडिलांच्या काळी दाढ गेली म्हणजे गेली. माणूस दुसऱ्या बाजूने चावू लागे, तीही बाजू गेली की भाकरी दुधात कुस्करून खाई, आणि त्याबद्दल कोणाकडे तक्रार करीत नसे. माझ्या मुलाने मात्र ऐकले नाही. "बाबा, आता नवी दाढ बसवतात," असे म्हणून तो मला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी माझा जबडा पडद्यावर दाखवला आणि एक इवलासा स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. "हा टायटॅनियमचा, काका. हा हाडात बसवायचा. मग तीन महिने थांबायचं. हाडानं याला धरलं की वर दात चढवायचा." मग चार पानांचे संमतिपत्र पुढे आले. मी शेवटचे पान काढले आणि सही ठोकली. वाचले काहीच नाही. चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवताना "प्रश्नपत्रिका आधी संपूर्ण वाचा" असे मी किती पोरांवर ओरडलो असेन, त्याची गणती नाही! संमतीविषयी मी पुढे जे लिहिणार आहे, ते वाचताना माझी ही सही वाचकांनी ध्यानात ठेवावी.

तीन महिने थांबायचे होते, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. लोखंडाचा खिळा पायात गेला तर पाय पिकतो. मग हा धातू हाडात कसा नांदतो? चौकशी करता करता मी स्वीडनमध्ये जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून.

1952 च्या सुमारास त्या देशातील लुंड या विद्यापीठाच्या गावी पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा एक तरुण संशोधक जिवंत हाडात रक्त कसे वाहते ते पाहत होता. त्यासाठी त्याने सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे एक बारीक नळकांडे बसवले होते. त्यातून सूक्ष्मदर्शकाने आत पाहता येई. पाहून झाल्यावर नळकांडे काढावे आणि पुन्हा वापरावे, असा त्याचा काटकसरी बेत होता. पण ते निघेना. हाडाने ते असे धरले होते की हाड मोडल्याशिवाय ते सुटण्याची आशा नव्हती. एखाद्याने वैतागून दुसरे नळकांडे मागवले असते. हा मनुष्य त्या न निघण्याचाच विचार करीत बसला.

कारण पुढे कळले ते असे. टायटॅनियमला हवा लागताक्षणी त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. लोखंडाचा गंज लोखंडाला खातो. हा थर उलट आपल्या धातूला राखतो. परकी वस्तू आत आली की देह तिच्याभोवती भिंत घालतो, नाहीतर पू करून तिला बाहेर लोटतो. या थराशी मात्र त्याचे भांडण होत नाही. हाडाच्या पेशी धातूला अगदी भिडून नवे हाड रचतात. गंमत अशी, की ज्या खनिजातून हा धातू काढतात ते इल्मेनाइट आमच्या रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आहे. लहानपणी ती वाळू पायाला चिकटली म्हणजे आई आम्हांला ओटीवर चढू देत नसे.

1965 साली ब्रोनेमार्कने गोथेनबर्ग येथे यॉस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले. या गृहस्थाचा टाळू जन्मापासून दुभंगलेला, जबडा वेडावाकडा, खाली दात नाहीत. खाण्याचे हाल आणि बोलण्याचेही. तो आपण होऊन या प्रयोगाला तयार झाला. 2006 साली तो वारला तोवर ते स्क्रू त्याच्या जबड्यात होते. दंतवैद्यांनी कित्येक वर्षे ब्रोनेमार्कवर विश्वास ठेवला नाही. 1982 साली टोरोंटोच्या परिषदेनंतर जगाने मान डोलावली. आता माझ्यासारखा रत्नागिरीचा एक निवृत्त मास्तरही त्या सशाच्या पुण्याईवर सुपारी फोडू पाहतो. (बाईंनी सुपारीला सक्त बंदी केली आहे.) सशाला कोणी विचारले नव्हते, हे मला दिसते. पण तो निराळा आणि फार मोठा प्रश्न आहे. त्याला आज हात घालीत नाही.

इथवरची गोष्ट वाचून मला आनंदच झाला. एका माणसाचे दुःख, दुसऱ्याची जिज्ञासा, दोघांचा विश्वास, आणि त्यातून सगळ्यांचे भले: विज्ञानाची गोष्ट शाळेत मी अशीच सांगत आलो होतो.

दात चढवण्याच्या दिवशी बाईंनी मला एक छापील कागद दिला. दात कसे घासावेत वगैरे नेहमीचेच त्यात होते, आणि खाली ठळक अक्षरांत होते: 'गोड खायचे तर जेवणाबरोबर खा. दोन जेवणांच्या मध्ये, वारंवार, चिकट गोड खाऊ नका.' मी सवयीने विचारले, "हे कोणी ठरवलं? गोड ते गोड. जेवणात खाल्लं काय नि मधे खाल्लं काय?" बाई किंचित थांबल्या. "स्वीडनमध्येच ठरलं, काका. आम्हांला पहिल्या वर्षाला शिकवतात. तुम्ही वाचा, पण जेवण झाल्यावर वाचा."

मी वाचले, आणि ते त्याच लुंड गावातले निघाले. ब्रोनेमार्क सशाच्या हाडात पाहत होता, त्याच वर्षांत त्याच गावात हे चालले होते.

त्या काळी स्वीडनमध्ये दातांची दैना होती. लहान मुलांचीसुद्धा तोंडे किडलेली. 1938 साली सरकारने सार्वजनिक दंतसेवा सुरू केली, तेव्हा ध्यानात आले की देशभर दंतवैद्य नेमून किती दात भरणार? कीड लागते कशाने, हेच आधी नक्की कळले पाहिजे. साखरेचा संशय होता, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा हवा तर शेकडो माणसे एका जागी, वर्षानुवर्षे, मोजून दिलेल्या आहारावर हवीत. अशी माणसे कोठे मिळणार? ती लुंडच्या व्हिपेहोल्म या रुग्णालयात मिळाली. ज्यांना त्या काळी मतिमंद म्हणत, आणि त्यांतही ज्यांना काही शिकवता येणार नाही असे ठरवलेले होते, त्यांचे ते घर. त्यांना बाहेर जाता येत नव्हते. पुढ्यात येईल ते ती खात.

1945 पासून तेथे अभ्यास सुरू झाला. पहिली दोन वर्षे जीवनसत्त्वांची होती. ती कोणाला बोचणार नाहीत. 1947 पासून साखरेची पाळी आली. चारशेहून अधिक माणसांचे गट पाडले. एका गटाला जेवणाबरोबर साखरेचे पाणी, एकाला गोड पाव, एकाला चॉकलेट. एका गटाला दिवसाला आठ टॉफ्या, दोन जेवणांच्या मध्ये. आणि एका गटाला दिवसाला चोवीस. या टॉफ्या मुद्दाम तयार करवून घेतलेल्या होत्या, दाताला जास्तीत जास्त चिकटून राहाव्यात अशा. गोड पदार्थांच्या कारखानदारांनी पैसा आणि माल पुरवला होता. मग दात तपासायचे आणि नव्या किडीची नोंद करायची. कोणालाही विचारलेले नव्हते. कोणी सहीसुद्धा घेतली नव्हती. माझ्यासारखी न वाचता केलेलीही नाही.

निष्कर्ष 1954 साली प्रसिद्ध झाले, आणि ते इतके स्वच्छ होते की आजतागायत त्यांचा मुख्य भाग कोणाला खोडता आलेला नाही. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. तीच साखर चिकट रूपात, दोन जेवणांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा दिली तेव्हा दात झपाट्याने किडले. गोळ्या बंद केल्यावर नवी कीड लागण्याचा वेग पुन्हा खाली आला. याचा उलगडाही आता शाळेतल्या मुलाला सांगता येतो. दातांवरच्या पापुद्र्यातले जंतू साखरेचे आम्ल करतात, आम्लाने दाताचे कवच विरघळू लागते. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि गेलेली खनिजे परत आणून घालते. या कामाला तिला अर्धा तास, कधी तासही लागतो. तेवढ्यात दुसरी गोळी तोंडात आली की लाळेचे काम वाया. म्हणून किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला महत्त्व. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड फक्त शनिवारी देण्याची चाल पडली, ती याच शिकवणुकीतून. ती अजून आहे, आणि तिथली पोरे शनिवारची वाट पाहतात असे म्हणतात.

रात्री हे वाचून मी चष्मा काढून ठेवला, आणि मला दिनू आठवला.

दिनू माझा धाकटा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो बोलायला शिकला नाही. 'आ' आणि 'दा' एवढेच दोन शब्द, आणि त्यातला 'दा' म्हणजे मी. आता त्याला बौद्धिक दिव्यांग म्हटले असते. तेव्हा लोक त्याच्यासमोरच याहून पुष्कळ कठोर शब्द वापरीत. आई दिवसभर कामात, वडील दुकानात. दिनूला सांभाळणे माझ्याकडे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मैदानावर जायचे असते. मी एक युक्ती काढली. वडिलांच्या दुकानातल्या बरणीतून लिमलेटच्या गोळ्या खिशात भरायच्या आणि दिनूला ओटीच्या खांबापाशी बसवून एक एक द्यायची. गोळी तोंडात असली की तो गप्प बसे, डोळे मिटून घेई. ती संपली की 'दा' म्हणून हाक मारी. मी खेळातून धावत येई, दुसरी देई, परत जाई. एका संध्याकाळी किती गोळ्या होत, हे मी कधी मोजले नाही. व्हिपेहोल्ममध्ये निदान मोजत होते.

तीनेक वर्षांनी दिनू रात्री भिंतीवर डोके आपटू लागला. आम्हांला वाटले, हट्ट. वडिलांनी त्याला दोनदा मारले. आईने दृष्ट काढली. मी त्याला गप्प करायला आणखी गोळ्या दिल्या. शेवटी त्याचा गाल सुजून डोळा मिटला तेव्हा त्याला दवाखान्यात नेले. तिथे चौघांनी त्याला धरून ठेवले आणि एका बैठकीत सहा दात काढले. मी दाराबाहेर होतो. आतून 'दा' ऐकू येत होते.

दिनू 1999 साली गेला. त्या सहा दातांविषयी घरात कोणी मला कधी काही बोलले नाही, कारण त्यांचा आणि माझा संबंध आहे हे कोणाला माहीतच नव्हते. मलाही नव्हते. तो संबंध मला बहात्तराव्या वर्षी, लुंडच्या त्या कोष्टकांवरून कळला. मी न जाणता जे केले ते त्यांनी जाणून केले, आणि त्यांनी जाणून केले म्हणून मी काय केले ते मला समजले. हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिले आहे. यापेक्षा सरळ ते होत नाही.

माझे एक जुने स्नेही आहेत, निवृत्त डॉक्टर. त्यांच्यापुढे मी हे मांडले. ते म्हणाले, "मास्तर, ज्ञानाला सोयरसुतक नसतं. आलं कुठून ते बघू नका, खरं आहे का तेवढं बघा. त्या दोन-चारशे तोंडांमुळे किती कोटी मुलांचे दात वाचले, तो हिशेब करा." हिशेब मला येतो; मी गणितही शिकवले आहे. परंतु बेरीज करायची तर सगळे आकडे एकाच वहीतले हवेत. इथे दुखले ते एकाला आणि फायदा झाला तो दुसऱ्याला. दिनूचे सहा दात आणि माझी एक नवी दाढ यांची वजाबाकी करून उत्तर काय काढायचे? आणि ज्याने सोसले त्याने 'घ्या, माझ्याकडून घ्या' असे म्हटले असते तर ते दान झाले असते. न विचारता घेतले त्याला दान म्हणत नाहीत.

डॉक्टरांनी दुसरा मुद्दा काढला, तो अधिक वजनदार होता. "तुम्ही आजच्या चष्म्यातून तेव्हाकडे पाहता. तेव्हा असे नियमच नव्हते." यात तथ्य आहे. त्या संशोधकांपैकी बो क्रासे यांनी पन्नास वर्षांनी, 2001 साली, आपल्या आठवणी आणि विचार प्रसिद्ध केले. या कामाकडे मागे वळून पाहण्याची गरज त्यांना वाटली याबद्दल मला आदर वाटतो. 2006 साली एलिन बोम्मेनेल या विदुषीने या साखर-प्रयोगाच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. म्हणजे त्या देशाने हे झाकून ठेवले असे नाही. ती माणसे राक्षस नव्हती. देशाच्या मुलांचे दात वाचावेत म्हणून राबणारी सज्जन माणसे होती. पण डॉक्टरांच्या मुद्द्याला एक तारीख आडवी येते. 1947 च्या ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल दिला आणि माणसांवरील प्रयोगांचे दहा नियम सांगितले. त्यातला पहिलाच नियम, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची खुशीची संमती हवी, असा आहे. व्हिपेहोल्मच्या साखरेची सुरुवात त्याच वर्षीची. नियम कोणाला ठाऊकच नव्हता असे नव्हे. तो 'त्या' दुष्ट लोकांसाठी आहे, आपल्यासारख्या चांगल्या माणसांना त्याची गरज नाही, असे वाटले असावे. हा माझा तर्क आहे. पण तो मी माझ्यावरूनच बांधतो. मीही काही दिनूचा शत्रू नव्हतो.

यावर कोणी म्हणेल, मग ज्यांना संमती देता येत नाही त्यांच्यावर संशोधन करूच नये. ऐकायला हे धर्माचे वाटते. पण तसे केले तर त्यांची दुखणी त्यांच्यापाशीच राहतात आणि औषधे इतरांना मिळतात. दिनूला भोवऱ्याच्या यंत्रापुढे कोणी शांत बसवू शकले नसते. अशा मुलांसाठी आता चांदी आणि फ्लोराइड यांचे एक द्रावण आहे. किडलेल्या जागी ब्रशाने लावतात. सुई नाही, यंत्र नाही, चौघांनी धरणे नाही. कीड तिथेच थांबते. जागा काळी पडते, एवढाच दोष. जपानमध्ये ते 1970 पासून वापरात आहे, आणि 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. न्यूयॉर्कच्या शाळांत हजारो मुलांवर चार वर्षे ते पाहिले, आणि दातांच्या खाचा बुजवण्याच्या नेहमीच्या उपायाइतकेच ते उपयोगी पडते, असा निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाला. तीही मुलेच होती. त्यांच्या वतीने 'हो' कोणीतरी म्हटले, म्हणून हे कळले.

तेव्हा खरा प्रश्न, ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे. मला प्रथम वाटले, उत्तर सोपे आहे. त्याचे काही बिघडले तर ज्याची झोप उडेल, त्याचा. व्हिपेहोल्ममधल्या माणसांच्या वतीने सरकारने मान हलवली. सरकारला रात्री झोप लागते. आईबापांना लागत नाही. क्योटोच्या विद्यापीठात 2024 च्या शरदात दात पुन्हा उगवण्याच्या औषधाची पहिली माणसांवरची चाचणी सुरू झाली. दात उगवू न देणाऱ्या एका प्रथिनाला हे औषध अडवते. त्या चाचणीत कोणाला घेतले? 30 ते 64 वयाचे, निदान एक दात नसलेले, स्वतः सही करू शकणारे 30 पुरुष. वास्तविक औषध हवे आहे ते जन्मतःच दात नसलेल्या लहान मुलांना. पण धोका आधी मोठ्यांनी पत्करायचा, निर्धोक ठरले तरच दोन ते सात वर्षांच्या मुलांकडे वळायचे, असा क्रम लावलेला आहे. तिथे मुलांच्या वतीने आईबाप बोलतील. आपल्याकडेही 2019 च्या नियमांप्रमाणे आईबापांची संमती लागतेच, शिवाय शक्य तिथे मुलालाही विचारावे लागते. लुंडपासून क्योटोपर्यंत माणूस एवढा तरी चालला आहे. मला हे वाचून बरे वाटले.

पण बरे वाटणे टिकले नाही. ज्याची झोप उडेल त्याला अधिकार, असे म्हणावे तर ओटीवर दिनूच्या वतीने ठरवणारा मीच होतो. माझ्याहून जवळचे त्याला कोणी नव्हते. 'दा' हा त्याच्या शब्दसंग्रहाचा अर्धा भाग होता. आणि मी ठरवले ते माझ्या खेळासाठी. तो गोळी मागत होता हे खरे, आनंदाने मागत होता. व्हिपेहोल्ममध्येही चोवीस गोळ्या कोणी नाकारल्याचे माझ्या वाचनात नाही. मागणे म्हणजे संमती असेल, तर मी आणि ते संशोधक दोघेही सुटलो. मला तसे सुटायचे नाही.

आपल्याकडे माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानतात: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. ब्रोनेमार्क माझ्या दृष्टीने ऋषींत बसतो. त्याचे ऋण शिकून, शिकवून फेडता येते, आणि ते मी यथाशक्ति केले आहे. लार्सनचेही नाव घेता येते. पण कोष्टकातल्या त्या चारशे जणांना नाव नाही. ते देव नव्हेत, ऋषी तर नव्हेतच. त्यांना ज्ञान द्यायचे नव्हते, त्यांच्याकडून ते घेतले गेले. ते माझे पितरही नव्हेत. सर्वपित्रीला तर्पण करताना शेवटी, ज्यांचे कोणी नाही, ज्यांचे नाव कोणी घेत नाही, अशांसाठीही पाणी सोडण्याची रीत आहे. यंदा त्या वेळी मी जरा थांबलो. भटजींना वाटले, मी विसरलो. पाणी सोडून ऋण फिटते असे मला वाटत नाही. विज्ञानाचा मास्तर आहे मी. तरी सोडले. आणि त्याच ओंजळीतून दिनूसाठीही सोडले. तो माझ्यामागे नव्हे, माझ्याआधी गेला; त्याच्यामागे कोणीच नाही.

दाढ उत्तम चालते. डॉक्टरांचा सल्लाही मी पाळतो. तो चुकीच्या मार्गाने मिळाला म्हणून मी दोन जेवणांच्या मध्ये गोड खाऊ लागलो, तर त्याने त्या माणसांचा एकही दात परत येणार नाही, माझे मात्र जातील. ज्ञान टाकून देता येत नाही. पण ते तोंडात धरून, चव न घेता गिळताही येत नाही.

आमच्या शेजारी गेल्या वर्षी एक कुटुंब राहायला आले आहे. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, बोलत नाही, पण खुणांनी पुष्कळ सांगतो. नरकचतुर्दशीच्या सकाळी आईबरोबर फराळाला आला. मी ताट पुढे केले आणि हात आखडला. त्याच्या आईला विचारले, "वहिनी, याला काय देऊ?" त्या हसल्या. "त्यालाच विचारा की, काका. त्याला कळतं."

मी खाली बसलो. एका हातात चकली धरली, दुसऱ्या हातात बेसनाचा लाडू. त्याने दोन्हीकडे नीट पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि लाडवावर बोट ठेवले. आई म्हणाली, "बरं, मग जेवताना तोच खायचा हं," आणि लाडू तिने रुमालात बांधून घेतला. त्याने माझ्या दुसऱ्या हातातली चकलीही काढून घेतली आणि तो कुरुमकुरुम खात ओटीवरून उतरून गेला.